मेटअप्पांचा चार्ज

वाटेवर पाय ठेवण्याआधी ते उकिडवे बसायचे. एक हात जमिनीवर टेकायचा, मान वाकडी करून गाल जवळजवळ मातीला लावायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्यानं लांबवर बघत राहायचं. मग गुडघ्यावर हात देऊन उठायचे, हाताची माती धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "सरळ दिसायलंय खरं. पन भरवसा न्हाई."

हे रोज सकाळी चालायचं. त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही, आणि गावातही ते फार कुणाला ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या गँगमध्ये मेट, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या दहा-बारा जणांच्या टोळीचे म्होरके, म्हणून ते निवृत्त झाले. तेव्हापासून सगळे त्यांना मेटअप्पाच म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एसटीत चढताना ही गाडी उदगीरला जाते का, हे तिघांना विचारून चौथ्यालाही विचारणारी. कुलूप लावून दोनदा ओढून बघणारी, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढणारी. मेटअप्पा त्यातलेच, फरक एवढाच की त्यांचा संशय पगारी होता. रेल्वेनं बत्तीस वर्षं त्यांना संशय घेण्यासाठीच पोसलं होतं. "रूळ बराबर असंल म्हनून चालनारा मेट गाडी पाडतो," असं ते म्हणत.

कमलनगरहून जीपनं अर्धा तास आलं की आमचं गाव. गावाच्या पाठीमागून पूर्वी रेल्वेचा एक फाटा जायचा. मोठ्या लाईनीवरून फुटून काळ्या दगडाच्या खाणीपर्यंत. खडी भरलेले डबे त्यावरून जायचे म्हणून तिचं नाव खडी लाईन. माणसांची गाडी तिच्यावरून कधी गेली नाही. खाणीतला दगड संपला, रूळ उचलून नेले, स्लीपर नेले, आणि मागं राहिला दोन पुरुष उंचीचा भराव. त्यावर वेड्या बाभळी माजल्या. मग काही वर्षांपूर्वी वर कुणाच्या तरी मनात आलं की इथं चालण्यासाठी आणि सायकलींसाठी वाट करावी. बाभळी निघाल्या, मुरूम पडला, रोलर फिरला, बाकडी बसली आणि मोटारी आत शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले गेले.

ते खांब बघून गाव चक्रावलं. "ज्या रस्त्यानं बैलगाडी जायना, त्यो रस्ता कुनासाठी?" असा सवाल पारावर रोज व्हायचा. कुणी म्हणालं, खालून गॅसची नळी न्यायचीय. कुणी म्हणालं, सोलरवाल्याला पट्टा द्यायचाय, म्हणून आधी फिरण्याच्या नावाखाली मोकळा करून घ्यायलेत. फुकट मिळालेल्या वस्तूकडे आमचा मुलूख आधी वाकड्या नजरेनंच बघतो. निजामाच्या काळापासून कुणी काही फुकट दिलेलं आम्हाला आठवत नाही, आणि त्यात चूक आमची आहे असं मला वाटत नाही.

त्या वाटेचा खरा उपयोग पहिल्यांदा पोरींनी केला. पलीकडच्या गावातल्या हायस्कूलला आमच्या नऊ पोरी सायकलीवर जायच्या. डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक अंगावर येत. वाट झाली तशा त्या नऊजणी खांबांमधून सायकली घालून भरावावरून जाऊ लागल्या आणि त्यांच्या आयांचा जीव भांड्यात पडला.

मी मोजणी खात्यातला माणूस. चौतीस वर्षं साखळी, टेप आणि नंतर नंतर मशीन घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झालो आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, चाला. वाटेच्या देखभालीला पंचायतीनं एक समिती केली होती. माझं अक्षर बरं आणि मला काम नाही, एवढ्या दोन गुणांवर मी तिचा सचिव झालो. पहिल्याच आठवड्यात मेटअप्पा मागून आले आणि माझ्या बरोबरीनं चालू लागले.

"तुमी कामून फिरायलाव?"

"शुगर आहे मला."

"मग अंगनात फिरा की. अंगनात शुगर उतरत न्हाई व्हय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "पावलं मोजायलाव तुमी. ओठ हालायलेत तुमचे, मी मघापासून बघायलोय."

खरं होतं ते. पावलं मोजत चालणं ही माझी जुनी खोड. बायकोबरोबर देवळात जातानाही मी पावलं मोजतो आणि तिनं काही विचारलं की आकडा चुकतो म्हणून वसकन अंगावर जातो. पण मेटअप्पांना ते कसं पटावं? "मोजनीवाला रिकामा चालत न्हाई," असं ते माझ्या तोंडावर म्हणाले आणि पुढं निघून गेले. तेव्हापासून ते माझ्यावर नजर ठेवून असत आणि मी त्यांच्यावर.

त्यांच्या संशयातून कुणी सुटत नसे. उदगीरहून, बिदरहून रविवारी हेल्मेट घातलेले सायकलवाले यायचे. त्यांना बघून म्हणायचे, "डोस्क्यावर टोपलं घालून आलाय म्हंजे पडायचं ठरवूनच आलाय. मग येतूच कामून?" नव्या बाकड्यावर ते वर्षभर बसले नाहीत. "बसायला दिलंय म्हंजे कोन तरी उटवायला येनार," हे त्याचं कारण. एकदा मी थर्मासमधला चहा पुढं केला तर त्यांनी आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमी आदी प्या." मी प्यालो. ते माझ्याकडे बघत थांबले. मी जिवंत आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी दोन कप घेतले.

पोरींच्या बाबतीत मात्र त्यांचा संशय निराळ्या तऱ्हेनं चालायचा. सकाळी सव्वाआठला ते खांबाजवळ उभे राहत आणि प्रत्येकीला थांबवून म्हणत, "बिरेक दाव." तिनं ब्रेक दाबायचा, ते मागचं चाक हातानं ढकलून बघणार, मगच ती आत. एकीची साखळी सैल होती तर तिला त्यांनी दोन दिवस डांबरी रस्त्यानंही जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन आले. पोरी त्यांची नक्कल करायच्या. एक उकिडवी बसून डोळा मिटायची आणि बाकीच्या एका सुरात म्हणायच्या, "सरळ दिसायलंय खरं!" मेटअप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मी एकदा नीट पाहिलं, तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

मग एक दिवस मला दगड दिसले.

ओढ्याच्या अंगाला, वाटेच्या दोन्ही कडांना, खडीचे तीन-तीन दगड एकावर एक रचून ठेवलेले. असे पाच ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एका दगडाला चुन्याचा पांढरा पट्टा. आता तुम्हीच सांगा, ज्यानं चौतीस वर्षं हद्दीचे दगड बघितले, त्याला हे दिसल्यावर दुसरं काय सुचणार? बांध कोरणारी माणसं मी ओळखतो. आधी एक दगड ठेवतात आणि गप्प बसतात. कुणी काही बोललं नाही की दुसरा ठेवतात. दोन पावसाळे गेले की म्हणतात, ही तर आमची वडिलार्जित हद्द.

घरी येऊन मी जुन्या नकाशाच्या नकला काढल्या. भरावाखालचा ओढ्याजवळचा तुकडा मूळ कुणाच्या सर्व्हे नंबरातला निघाला, माहीत आहे? मेटअप्पांच्या बापाचा. त्यांचं घर पिढीजात मेंढरं राखणारं; थोडी जमीन होती, त्यातून लाईन गेली, आणि पोरगा गँगमध्ये लागला. शेजारचं शेत आज त्यांच्या पुतण्याचं. मला सगळं लख्ख दिसलं. म्हातारा उकिडवा बसून डोळा लावतो तो रूळ बघायला नव्हे; रूळ आहेत कुठे? बापाची जमीन मापतो आहे!

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "मेटअप्पा, हे दगड तुम्ही ठेवता?"

"व्हय."

"कशासाठी?"

"गँगला कळावं म्हनून."

"कुठली गँग? लाईन उचलली त्याला किती वर्षं झाली?"

त्यांनी हातातली काठी उचलली आणि वाटेवर एका जागी आपटली. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा आपटली. "ऐका. तितला आवाज अन् हितला आवाज. हितं बद्द यायलाय."

मी ऐकलं. मला दोन्ही आवाज सारखे वाटले. आणि खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकलंच नाही. इथं धोका आहे, इकडं फिरकू नका, असं सांगूनच तर माणसं जागा मोकळी करून घेतात. मी म्हणालो, "हे सगळं समितीला लिहून द्या."

"तुमच्या कागदाचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "लिवलेला कागद कुटं जाऊन बसतो, कोनाला ठावं."

याचा मला राग आला. कागद ही माझी भाकरी होती. मी त्याच दुपारी समितीच्या वहीत ठराव लिहिला. भाषा मला अजून पाठ आहे: "सदर इसम भरावाच्या दगडांशी छेडछाड करीत असून त्यामागे जागेवर हक्क सांगण्याचा हेतू दिसतो. सबब त्यास वाटेवर येण्यास मनाई करण्यात यावी." बाकीच्या चौघांनी न वाचता सह्या केल्या. दगडांच्या राशी मी स्वतः जाऊन पायानं उधळल्या, चुना पुसला. आमचं गाव कर्नाटकात, म्हणून नोटीस कानडीत टाइप करून घेतली आणि त्यांच्या घरी जाऊन मराठीत वाचून दाखवली.

मला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माज्या जागी कोन?"

"कुणी नाही. जागा कसली त्यात?"

"कोन न्हाई कसं? बीट मोकळं ठेवत न्हाईत साहेब. तुमी काडलाव मला, मग तुमीच चार्ज घ्या."

मी टाळायला बघितलं, पण ते धोतर सावरून, पागोटं बांधून दारात उभे. शेवटी गेलो. गँगमधला मेट बदलला की जुना मेट नव्याला सगळं बीट, म्हणजे आपल्या वाट्याची लाईन, चालत दाखवतो, कुठं काय दुखतंय ते सांगतो, आणि नव्यानं तोंडानं 'घेतला' म्हटल्याशिवाय जुना सुटत नाही. असं त्यांनीच मला वाटेत सांगितलं, आणि दुखऱ्या जागी गँगसाठी दगड रचून खूण करतात, हेही. त्या दिवशी ऊन होतं आणि मला घरी जेवायला जायचं होतं. ते जागोजाग थांबत होते. इथं उंदरांची बिळं, इथं मुरूम पातळ, इथं रोलर फिरलाच नाही. मी मान डोलवत होतो. ओढ्याजवळ ते बराच वेळ थांबले.

"हितं खाली मोरी हाय. ल्हानपनी आमची मेंढरं त्यातनं जायची. आता बगा, वरच्या अंगाला पानी थांबायलंय, खालच्या अंगाला ओढा वाळलाय. मग पानी कुटं जायलंय?"

"कुठं?"

"भरावाच्या पोटात जायलंय, साहेब. मोटा पाऊस झाला की मोरी बगा. आदी बगा, मग पोरी सोडा. ध्यानात ऱ्हाईल?"

"राहील."

"घेतला म्हना."

"घेतला," मी म्हणालो. घड्याळात दीड वाजला होता.

त्यांनी हात जोडले आणि खाली पायवाटेनं उतरून गेले. मी घरी येऊन जेवलो, आणि मोरी बघायला एकदाही गेलो नाही.

पोळा झाला आणि दोन दिवस पावसानं उसंत दिली नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं. शाळेच्या वेळेला पोरी माझ्या दारात हजर. "सर, मेटअप्पा वाटंत उभारलेत. दोनी हात वर करून. जाऊच देईनात."

मला आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. मनाई मोडली, आता सापडला! खिशात नोटिशीची नक्कल घालून मी गेलो. ओढ्याच्या अलीकडे ते वाटेच्या मधोमध उभे होते. वाटेवर आडव्या काठीला लाल लुगड्याचा तुकडा बांधलेला. त्यांचे दोन्ही हात, गाडी थांबवताना धरतात तसे, डोक्यावर सरळ ताठ होते. पोरी सांगत होत्या, अर्ध्या तासापासून ते असेच आहेत.

"हात खाली करा आणि बाजूला व्हा," मी म्हणालो.

"मोरी बगितलाव?"

"त्याचा इथं संबंध नाही."

"बगितलाव का न्हाई?"

मी खिशातली नोटीस काढली. ते म्हणाले, "वाचा, सावकास वाचा. पन हितंच वाचा, फुडं जाऊ नका." पुढची वाट चांगली दिसत होती. मुरूम ओला, सपाट, एक भेग नाही. मी रागानं फतकल मारून खाली बसलो. म्हटलं, तुम्ही बाजूला होईपर्यंत मी उठणार नाही. तेव्हा तेही हात खाली घेऊन बसले. पोरी थोडा वेळ आमच्याकडे बघून डांबरी रस्त्यानं निघून गेल्या. दोन म्हातारे वाटेवर समोरासमोर. ते माझ्याकडे संशयानं बघत होते, मी त्यांच्याकडे.

अर्ध्या-पाऊण तासानं त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. समोर वाटेचा एक तुकडा, तीन बैलगाड्या मावतील एवढा, हळूच खाली बसला. फार आवाजही झाला नाही. मग त्याच्या कडा सुटल्या, एक बाकडं तिरकं होऊन गेलं, आणि खालून लाल पाण्याचा लोंढा पलीकडच्या तुरीत घुसला. मेटअप्पा वाकून त्या भगदाडाच्या कडेकडे बघत होते.

"आता हे लिवा कागदावर," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मेटला झालेली गोष्ट नोंदवून हवी असते, एवढंच ते होतं.

तुम्हाला वाटेल, यानंतर गावानं त्यांना खांद्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत तसंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी हळूच म्हणालं, "तेला आदीच कसं कळलं?" बस्स. एवढं पुरलं. दोन दिवसांत गावाचं ठरलं की भराव म्हाताऱ्यानंच आतून पोखरला. बापाची जमीन परत पाहिजे होती त्याला. काठी घेऊन ठोकत फिरायचा तो कशासाठी? वाटेचं काम केलेल्या कंत्राटदाराची माणसं तर ही गोष्ट जीपमध्ये बसून गावोगाव सांगत होती.

चौकशीला वरून एक साहेब आले. त्यांनी समितीची वही मागवली आणि माझा ठराव मोठ्यानं वाचला. "'भरावाच्या दगडांशी छेडछाड.' हे तुम्हीच लिहिलंय?"

"होय."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून संशय होता?"

"होता."

"या इसमानं भरावाच्या अवस्थेबद्दल तुम्हाला काही सांगितलं होतं?"

खोलीची खिडकी उघडी होती. बाहेर पायरीवर मेटअप्पा बसले होते आणि त्यांच्याशेजारी पुतण्या. पुतण्या घाबरून काहीतरी पुटपुटत होता. मेटअप्पांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "तू कामून भ्यायलास? आत सर्वेअर साहेब हायेत न्हवं? चार्ज तेंनीच घेतलाय. ते सांगतील."

ज्यानं बाकड्याचा, चहाचा, सायकलवाल्याचा भरवसा धरला नाही, त्यानं माझा धरला होता. केवळ मी 'घेतला' म्हणालो होतो म्हणून.

मी साहेबांना म्हणालो, "आठवत नाही."

का म्हणालो? सांगितलं होतं म्हटलं असतं, तर चार्ज घेतलात मग मोरी का बघितली नाही, असा पुढचा प्रश्न आला असता. नऊ पोरी रोज जातात हे माहीत असून का बघितली नाही, असाही आला असता. मला माझी अब्रू प्यारी झाली. दुसरं कारण याहून वाईट आहे: त्या क्षणीही मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, खरंच याला आधी कसं कळलं?

साहेबांनी त्यांच्या नावापुढं 'संशयित' लिहिलं. मेटअप्पांना दोनदा जबाबाला बोलावलं. आयांनी पोरींना बजावलं, त्या म्हाताऱ्याजवळ थांबायचं नाही. रस्त्यात ते दिसले की पोरी मान खाली घालून सायकली जोरात हाणायच्या. ते नुसते चाकांकडे बघत उभे राहायचे. दिवाळीच्या आधी त्यांची लेक आली आणि त्यांना उदगीरला घेऊन गेली. जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी चारी टायर बघितले, असं मला कुणीतरी सांगितलं. मी निरोपाला गेलो नव्हतो.

पाणी पुरतं हटलं तेव्हा एका सकाळी मी एकटा ओढ्यात उतरलो. मोरीच्या वरच्या तोंडात बाभळीची खोडं ठासून भरली होती. वाट साफ करताना उपटलेली, मुळांसकट, आणि त्यावर फुटक्या काँक्रीटचे तुकडे. लांब वाहून न्यायला नको म्हणून मोरीतच ढकललेली. फावड्याचा, पहारीचा घाव कुठं नव्हता. पाण्याला वाट राहिली नव्हती आणि ते भरावाच्या पोटात शिरलं होतं. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसं. मी कपाळावर हात मारून तिथंच एका दगडावर बसलो आणि रडलो.

मग मी लिहायला घेतलं. चार पानं झाली. दगडांच्या राशी, काठीचा आवाज, चार्ज, मोरी, माझं 'घेतला' आणि माझं 'आठवत नाही', सगळं. लिहून झाल्यावर लगेच पाठवायला हवं होतं. मी आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवलं. मग ठरवलं, आधी त्यांना वाचून दाखवायचं, आणि उदगीरची गाडी पकडली.

लेकीचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात सतरंजीवर तीन-चार माणसं गप्प बसलेली आणि खाट भिंतीला उभी केलेली. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ते जाऊन पाच दिवस झाले होते. थंडी बाधली, ताप आला, दवाखान्यात नेलं, पण गोळी कशाची आहे ते कळल्याशिवाय गिळायला तयार नव्हते, असं जावई म्हणाला.

लेक आतून आली. बापाचेच डोळे, आणि बापासारखीच नजर.

"तुमीच का सर्वेअर साहेब?"

"होय."

"अप्पा रोज म्हनायचे, साहेब येतील. मी म्हनायची, कोन येत न्हाई हो अप्पा. तर म्हनायचे, कागदाचा मानूस हाय, येळ लागतो तेंना."

मी पिशवीतून पानं काढली. "हे त्यांच्यासाठी आणलं होतं."

"वाचा."

उभ्यानंच वाचलं. 'मी ती जागा पाहिली नाही' या ओळीशी मी अडखळलो. ती "हं," म्हणाली, आणि मी पुढं वाचलं. संपल्यावर तिनं हात पुढं केला. एकेक पान उलटून बघितलं, मागची कोरी बाजूही बघितली. शेवटच्या पानाशी थांबली.

"ह्याच्यावर सही न्हाई तुमची."

"त्यांच्यासमोर करायची म्हणून ठेवली होती," मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं, आणि तिला ते कळलं. ती आत गेली, पोराच्या दप्तरातला पेन घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला. मी सतरंजीवर बसून चारी पानांवर सह्या केल्या. तारीख घालायला लावली, तीही घातली. तिनं पानं पुन्हा उचलली आणि प्रत्येक सही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

मी पिशवी उघडून हात पुढं केला. म्हटलं, आता हे घेऊन मी थेट साहेबांकडेच जातो.

तिनं पानं छातीशी धरली.

"हे माज्याकडं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला झेरॉक्स देते."

आणि चपला घालून ती फाटकाबाहेर पडली. मी तिच्या मागोमाग दुकानाकडे निघालो.